पूजेआधीचा घास

आमच्या ह्यांना झटका आला तेव्हा ते दुकानात पितळी घागरीवर नाव घालत बसले होते. लातूरला आमचं भांड्यांचं दुकान. लग्नसराईत लोक रुखवताची भांडी नेतात, त्यांवर नवरीचं नाव-गाव कोरून मागतात. कोरायचं मशीन हे स्वतः चालवायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. घागर हातातून निसटली, तोंड वाकडं झालं, शेजारच्या दुकानदारानं ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. मेंदूत गुठळी निघाली. साखर तर कितीतरी वर्षांपासून होतीच. पेढा खाल्ला की गोळी एक जास्तीची घ्यायची, हा ह्यांचा स्वतःचा इलाज.

दवाखान्यातून परतले ते स्वतःच्या पायांनी. डाव्या हाताची मूठ ढिली राहिली, बाहेरून दिसण्यासारखं एवढंच. गोळ्यांच्या जोडीला सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई लागली, ती मी द्यायला शिकले. बोलणं साफ होतं, जेवण साफ होतं. बघायला आलेले लोक म्हणायचे, "थोडक्यात निभावलं बगा." मलाही तसंच वाटलं होतं.

मग दुकानात जायला लागले आणि एका लग्नाच्या ऑर्डरीत एकाच पातेल्यावर नवरीचं नाव दोनदा कोरून ठेवलं. ताटांवर तर भलत्याच घरच्या मुलीचं. नवरीचा बाप दुकानात येऊन नाही नाही ते बोलला. हे शांतपणे म्हणाले, "तुम्हीच तसं सांगितलं होतं." खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं आठवत होतं. दुकान आता आमचा मुलगा बघतो. त्यानं त्याच दिवशी मशीन उचलून माळ्यावर टाकलं, आणि हे पुन्हा दुकानात गेले नाहीत.

मेंदूच्या डॉक्टरांनी ह्यांना कागदावर घड्याळ काढायला लावलं, महिने उलटे म्हणायला लावले. ह्यांनी गोल काढला, आकडे काढले, काटे काढायचे राहून गेले. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "माइल्ड आहे काकू. सौम्य आहे, घाबरू नका." सौम्य! अहो, सौम्य कुणाला? तुम्ही तर लगेच पुढच्या पेशंटला आत बोलावलं. इथं माणूस आंघोळ करून बाहेर येतो आणि टॉवेल घेऊन पुन्हा न्हाणीकडे निघतो. मोटर चालू करतो आणि पाणी गल्लीभर वाहतं. मला विचारतो, तुझ्या आईची तब्येत कशी आहे, आणि कधीचीच वारलेली माझी आई मी त्याला पुन्हा वारलेली सांगायची. सांगितलं की तो रडतो. ह्याला सौम्य म्हणणाऱ्या माणसानं एक आठवडा माझ्या घरी येऊन राहावं, मी चहा-पाण्याला काही कमी करणार नाही.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी कामाची सांगितली होती. साखर वाढलेली वाईटच, पण सुई घेऊन माणूस उपाशी राहिला तर ती एकदम उतरते, आणि अशी उतरलेली साखर मेंदूचं जे काय शिल्लक आहे तेही नेते. सुई दिली की खायला द्यायचंच. ऐकायला किती सोपं आहे, नाही का?

आम्ही लिंगायत. गळ्यात चांदीच्या पेटीत इष्टलिंग असतं. आंघोळ झाली की कपाळाला भस्म लावायचं, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची आणि मगच तोंडात घास घालायचा. सासूबाईंचं तर इतकं कडक होतं की पूजेआधी पाण्याचा घोटसुद्धा नाही. मला त्यात वावगं काही वाटत नाही, माझ्याही गळ्यात आहे. पण खरं सांगू का, धडधाकट असताना हे पूजा कशी करायचे ते मी बघितलंय. एक डोळा लिंगावर आणि एक डोळा दुकानाच्या किल्लीवर. हातावर घेतलं, भस्म लावलं, बेलपान ठेवलं, झालं. पोहे गार व्हायच्या आत पाटावर हजर.

झटक्यानंतर काय व्हायला लागलं, तर पूजा आटोपून उठायचे, मी सुई द्यायची, ताट वाढायची. ताटासमोर बसले की हात मागे घ्यायचे आणि विचारायचे, "पूजा झाली का?"

"झाली की. आत्ताच उठलात."

"न्हाई झाली. मला आठवत न्हाई म्हणजे झाली न्हाई."

की चालले परत पूजेला. मी कपाळावरचं भस्म आरशात दाखवलं तर म्हणाले कालचं आहे. ओलं बेलपान दाखवलं तर म्हणाले तू ठेवलंस. इकडे सुई पोटात जाऊन बसलेली. पहिल्यांदा असं झालं तेव्हा पूजेला बसल्या बसल्या सदरा घामानं भिजला, हात थरथरायला लागले, आणि कधी चढ्या आवाजात न बोललेला हा माणूस मला घाण घाण शिव्या द्यायला लागला. मी साखरेचं पाणी करून जबरदस्तीनं पाजलं. थोड्या वेळानं शुद्धीवर येऊन विचारतात कसे, "तू का रडायलीस?"

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, घास पोटात गेले की मग सुई द्या. मग तसंच करायला लागले. पूजा एकदा होवो की तीनदा होवो, भाकरीचा तुकडा गिळताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी सुई फ्रीजमधून काढायचीच नाही. दुपार व्हायची कधी कधी. साखर चढायची, चढू दे म्हटलं. चढलेली उतरवता येते. माझा सगळा दिवस त्या एका घासाच्या मागे जायचा, पण चाललं होतं.

आमच्या घरी येणारे-जाणारे स्वामी आहेत, जंगम म्हणजे आमचे गुरू, म्हातारे आणि समजूतदार. त्यांना मी सगळं सांगितलं. ते ह्यांच्यासमोर बसून म्हणाले, "अप्पा, आजारी माणसाला मोकळीक आहे. लिंग गळ्यात आहे ना? त्याला हात लावायचा आणि खायचं. झाली पूजा." हे हो म्हणाले, नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वामी आले होते हेच ह्यांना आठवेना. वर मलाच म्हणाले, "स्वामी असं कशाला सांगतील? तू माझा धर्म बुडवायला बसलीस."

त्या दिवशी मी लई बोलले. तोंडाला येईल ते बोलले. ह्यांनी ऐकून घेतलं आणि मग खाली मान घालून म्हणाले, "दुकान गेलं माझं. हिशोब गेला. तू सांगतीस ते मला खरं की खोटं कळत न्हाई. लहानपणापासून एवढंच एक पक्कं ठाऊक हाय, पूजेशिवाय खायचं न्हाई. ते पण सोडलं तर मी कोण राहिलो?" मी ताट झाकून ठेवलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

आता ह्यात कौतुक करण्यासारखं काही आहे का, तुम्हीच सांगा. पण ते झालं. माझा दीर मुरुडला असतो, तो भेटायला आला. सकाळी त्यानं दादाला एकदा पूजा करताना बघितलं, चहा घेऊन येतो तर दुसऱ्यांदा, वर्तमानपत्र वाचून होतंय तर तिसऱ्यांदा. डोळे भरून आले त्याचे. म्हणाला, "वैनी, दादाचं मन संसारातून उठलं. किती तल्लीन होऊन राहिलाय!"

मी म्हटलं, "भावजी, तल्लीन काही नाही. पहिली केलेली त्यांच्या ध्यानात राहात नाही."

"तसं नका म्हणू वैनी. उपाशीपोटी एवढी सेवा साध्या माणसाला जमायची न्हाई."

त्यानं मुरुडला जाऊन सांगितलं, मुरुडहून उदगीरला गेलं, उदगीरहून नांदेडला. मग लोक यायला लागले. सकाळीच यायचे, पूजेच्या वेळेला. झटका आला तेव्हा ज्यांना दवाखान्यात डबा आणायला सवड झाली नव्हती ते आता पाय धरायला यायचे. येताना पेढे आणायचे. साखरेच्या पेशंटच्या घरी पेढे! आणि "अप्पांच्या हातून प्रसाद द्या" म्हणून ह्यांनाच त्यातला अर्धा भरवायचे. ह्यांना बरं वाटायचं, ते मला दिसायचं. दुकानातून हाकललेल्या माणसाला कुणीतरी नमस्कार करतंय म्हटल्यावर बरं वाटणारच. त्याचा राग मला आला नाही. राग आला तो मी विसराळूपणा म्हटलं की माझ्याकडे बघून तोंडं वाकडी करणाऱ्यांचा. माझं माहेर कंधारचं. सासरी पहिल्यापासून म्हणायचे कंधारची पोरगी जिभेनं तिखट. आता म्हणायला लागले, नवरा शरण झाला, संतपदाला पोचला आणि बायकोला भाकरीची पडली. मुलगासुद्धा म्हणाला, "आई, लोक चांगलंच म्हणतात ना? म्हणू दे की."

हो, चांगलं म्हणतात. चांगलं म्हणायला कुणाचं काय जातं?

ह्यांची थोरली बहीण नांदेडला असते. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. तिच्या नव्या घराची घरभरणी निघाली. फोनवर तिचं एकच, "दादाला घेऊन ये. नव्या घरात पहिली पूजा त्याच्या हातनं होऊ दे." अक्का थोरली असून ह्यांना लाडानं दादा म्हणते. मी म्हटलं, "अक्का, परक्या जागी हे बावचळतात, नका आग्रह करू." तर म्हणाली, "बहिणीचं घर परकं कधीपासून झालं ग?" मुलगा म्हणाला जाऊन या. हे तर सकाळपासून पिशवी भरून तयार, पिशवीत दोन उशांचे अभ्रे आणि दाढीचं सामान. एसटीनं अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचलो. वाटेत हे मला विचारत राहिले आपण कुणाच्या लग्नाला चाललोय. मी प्रत्येक वेळी नीट सांगितलं.

पोचल्यावर सुया मी अक्काच्याच फ्रीजमध्ये ठेवल्या. तिलाही साखर आहे, तिच्याही तिथंच असतात. तिला बजावून सांगितलं, "ह्यांची सुई मी देते, पोटात घास गेल्यावर. घाई करायची नाही." ती म्हणाली, "अगं मला काय शिकवतीस? वीस वर्षं टोचून घेते मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं. आंघोळीला बायकांची रांग, माझा नंबर उशिरा लागला. केस पुसत बाहेर आले तर बैठकीत मधोमध पाट मांडलेला, फुलांची रांगोळी काढलेली, आणि पाटावर हे. तळहाताखाली टॉवेलची घडी, कारण डावा हात तोलून धरता येत नाही. हातावर लिंग. भोवती सगळे बसलेले, पन्नासेक माणसं तरी असतील, आणि एकजण सावकाश मंत्र म्हणत होता, बाकीचे त्याच्यामागे. मला आधी काळजी वाटली नाही. सुई दिलेली नाही, चालू दे म्हटलं. आवरलं की खायला घालू.

मग ह्यांचं कपाळ दिसलं. भस्माचे पट्टे घामानं ओघळून भुवयांवर आले होते. हात टॉवेलवर टेकलेला असूनही थडथड उडत होता. ओठ हलत होते पण शब्द भलतेच. डोळे अर्धे मिटलेले, डोळ्यांतून पाणी. माझ्या शेजारची बाई हात जोडून म्हणाली, "बगा बगा, भाव कसा दाटलाय." आणि पुढे होऊन तिनं ह्यांच्या पायावर डोकं ठेवलं. तिच्यामागे आणखी दोघी उठल्या.

मी अक्काचा दंड धरला. "अक्का, ह्यांना काय दिलंत?"

"काय देणार? उपाशीच हाय तो, पूजा हाय ना," ती म्हणाली आणि वर अभिमानानं, "सुई मात्र देऊन टाकले मी. पहाटे माझी घेतले, लगेच त्याची पण टोचले. म्हटलं तुझ्यामागं कामं लई."

पहाटे टोचलेली सुई आणि ऊन दारात आलेलं. मी धावत स्वयंपाकघरात गेले, हाताला लागला तो साखरेचा डबा उचलला आणि माणसांतून वाट काढत पाटापर्यंत आले. अक्का आडवी झाली. "पूजा मोडू नको! उष्टं करतीस का? पाच मिनिटं थांब, मंगळारती होऊ दे."

"मरतील तोपर्यंत!" मी ओरडले.

"शुभ दिवशी काय बोलतीस!" माझा दीर मागून म्हणाला आणि त्यानं माझा हात धरला. हात धरला त्यानं माझा! नवऱ्याच्या तोंडात साखर घालायला निघालेल्या बाईचा हात! मी हिसडा मारला, डबा सांडला, नव्या फरशीवर साखरच साखर झाली. मी गुडघ्यावर बसून मूठभर साखर उचलली आणि ह्यांच्या गालात कोंबली. तोवर दातखीळ बसली होती. हे पाटावरून एका अंगावर कलंडले आणि सगळं अंग झटके द्यायला लागलं. तेव्हा कुठं मंत्र म्हणणारा गप्प झाला.

दवाखान्यात सलाईनमधून साखर दिली. शुद्धीवर यायला वेळ लागला, लातूरला साखरेच्या पाण्यानं उठायचे तसे उठले नाहीत. उठले तेव्हा माझ्याकडे बघून बारीक हसले, अनोळखी माणूस बघून हसतात तसं. अक्का दवाखान्याच्या व्हरांड्यात रडत बसली होती. म्हणाली, "मी चांगल्यासाठीच केले ग." मला ठाऊक आहे ते. सगळ्यांनी चांगल्यासाठीच केलं. वाईटासाठी एकानंही काही केलं असतं तर मला निदान कुणाचं तरी नाव घेऊन बोटं मोडता आली असती. दीर म्हणाला, "जे झालं ते देवाच्या दारात झालं, वैनी. पूजा करताना आलं." मी त्याला म्हटलं, "भावजी, आता गप बसा, नाहीतर माझ्या हातून काहीतरी होईल." तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. बरं झालं.

लातूरला परत आलो ते गाडी करून. मेंदूच्या डॉक्टरांनी पुन्हा कागद पुढे सरकवला. ह्यांनी पेन्सिल हातात धरली, कागदाकडे बघितलं आणि पेन्सिल परत दिली, आभार मानल्यासारखी मान हलवून. डॉक्टरांनी तो कोराच कागद फायलीला लावला. या वेळी सौम्य म्हणाले नाहीत.

आता आमच्या घरी सकाळी कुणी येत नाही. शरण झालेल्या माणसाची पँट ओली होते आणि त्याला मुलगा न्हाणीत नेऊन धुतो, ते बघायला कोण येणार? हे ताटासमोर बसवलं की बसतात. घास पुढे केला की तोंड उघडतात. काही विचारत नाहीत, अडून बसत नाहीत. सुई वेळेवर जाते, पोटात वेळेवर अन्न जाते. साखरेचा रिपोर्ट असा सुरेख यायला लागलाय की साखरेचे डॉक्टर कागद हातात घेऊन म्हणाले, "वा काकू! सगळ्या पेशंटच्या घरी तुमच्यासारखं कुणी असायला पाहिजे." मी थँक्यू म्हटलं. ज्या एका घासासाठी मी एवढी भांडले तो घास आता बिनबोभाट जातो. मला जिंकल्यासारखं वाटायला पाहिजे.

गेल्या सोमवारी मला काय झालं कुणास ठाऊक. भाजी-भाकरी तयार होती, मशीनवर साखर बघून झाली होती, सुई काढायची वेळ झाली होती. मी ताट बाजूला सारलं. ह्यांच्या कपाळाला भस्म लावलं. गळ्यातली चांदीची पेटी उघडली, डाव्या हाताखाली टॉवेलची घडी ठेवली, आणि तळहातावर लिंग ठेवलं. काळं, गुळगुळीत, सुपारीहून थोडं मोठं. म्हटलं, "पूजा करा. सावकाश करा. मी थांबते." आणि मनातून मी काय मागत होते ते आज सांगते. ह्यांनी पूजा करावी, पुन्हा करावी, तिसऱ्यांदा करावी, मला शिव्या द्याव्यात, धर्मबुडवी म्हणावं, ताट गार होऊ द्यावं.

हे तळहाताकडे बघत राहिले. मग उजव्या हाताच्या चिमटीत लिंग उचललं, उजेडात धरून बघितलं, आणि तोंडापाशी नेलं. मी मनगट धरलं तेव्हा ते ओठांना टेकलं होतं.

"एवढी मोठी गोळी?" हे म्हणाले. "पाणी तरी द्या, बाई."